खाऱ्या पाण्यात बुडालेलं ट्रेनर विमान आम्ही परत उडवलं, त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातलं किनाऱ्याजवळचं एक गाव. नाव देत नाही, कारण यातली सगळी माणसं आजही रोज एकमेकांना भेटतात. आमचा आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा क्लब आहे, दहा-बारा जण, त्यात आयटीआयमधून रिटायर झालेले एक सर, दोन-तीन नोकरीवाले, एक फायबरच्या होड्यांचं काम करणारा भाऊ आणि कॉलेजची चार पोरं. उडवायच्या जागा दोन. ओहोटीला उघडी पडणारी पुळण आणि गावामागचा सडा. सडा म्हणजे नुसता जांभ्याचा कातळ, पावसाळ्यात हिरवागार आणि जानेवारीपासून वाळलेल्या गवताने पिवळा. रनवे म्हणून उत्तम, पण विमान नाकावर आलं तर कातळ माया करत नाही. आणि सड्याची कड संपली की खाली हापूसची कलमं.

विमान क्लबचंच होतं. हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वर असलेलं शिकाऊ विमान, पंख १४०० मिलिमीटर, फ्युजलाज (धड) बाल्साच्या हलक्या लाकडाचं आणि प्लायचं, पंख फोमबोर्डचे आत ॲल्युमिनियमचा पाइप घालून. वजन बॅटरीसकट १.३ किलो. ९१० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ९१० फेरे) ब्रशलेस मोटर, ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा आणि बाकी सगळ्याला ५ व्होल्ट वीज देणारा), ३ सेलची २२०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, पंख-शेपटीच्या झडपा हलवणारे ९ ग्रॅमचे चार सर्वो, २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ. नव्या पोरांना शिकवायला हेच, त्यामुळे सगळ्यांचा जीव त्याच्यात. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५० ग्रॅमपासून २ किलोपर्यंत 'मायक्रो' धरतात, म्हणजे आमचं त्यात बसतं. उंची १२० मीटरच्या खाली आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात, हे आम्ही पहिल्यापासून पाळतो. या प्रकरणात नियमाचा प्रश्न कुठेच आला नाही, प्रश्न आमच्याच हातचा होता.

अडचण कुठून सुरू झाली

जानेवारीचा शेवटचा आठवडा, सकाळी साडेसात, पुळणीवर. ट्रान्समीटर माझ्या हातात होता, हे आधीच सांगतो, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

आमच्याकडे सकाळी मतलई असते, म्हणजे वारा जमिनीवरून समुद्राकडे. दहाच्या सुमारास सगळं थंडावतं आणि मग दुपारी खारा वारा सुटतो समुद्राकडून. मतलईत वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं तर विमान समुद्राकडून आणावं लागतं. शहाणा माणूस पुळणीच्या लांबीने आडव्या वाऱ्यात उतरवतो. मी त्या दिवशी समुद्राकडून आणलं, थोडं खाली, थोडं हळू, आणि मोठ्या लाटेच्या माथ्याला चाक लागलं. विमान उलटं होऊन पाण्यात. दोन पोरं धावत कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि घेऊन आली, पण तोवर चार-पाच मिनिटं गेली होती आणि बॅटरी जोडलेलीच होती.

ही जोडलेली बॅटरी लक्षात ठेवा. खारं पाणी वीज वाहून नेतं. पाण्यात वीज चालू असली की नुसता गंज चढत नाही, पॉझिटिव्ह बाजूचं तांबं अक्षरशः खाल्लं जातं. रात्रभरात जे झालं असतं ते पाच मिनिटांत होतं.

समोर असलेले पर्याय

घरी आणल्यावर सरांच्या पडवीत बसलो. तीन गोष्टी शक्य होत्या.

पहिली, सगळं इलेक्ट्रॉनिक्स टाकून द्यायचं. ईएससी, रेडिओचा सिग्नल घेणारा रिसिव्हर, चार सर्वो मिळून साडेतीन-चार हजार, बॅटरी वेगळी. क्लबच्या डब्यात तेव्हा दोन हजारही नव्हते.

दुसरी, सगळं धुवायचं, वाळवायचं, चाललं तर ठेवायचं.

तिसरी मधली वाट, म्हणजे मोटर आणि रॉड ठेवायचे, पण ज्याच्या जिवावर विमान ताब्यात राहतं ते, निदान सर्वो आणि ईएससी, नवं घालायचं. हे फायबरवाला भाऊ बोलला. तो म्हणाला, "होडीचं इंजिन बुडलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवून परत चालू करतो आपण, पण वायरिंग? खाऱ्यात बुडालेली वायर परत कोण घालतंय काय?" आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. मनात असं की होडीचं वेगळं, आपलं वेगळं. रोज समुद्रात जाणाऱ्या यंत्रांवर हात चालवणारा माणूस समोर बसून सांगत होता आणि आम्हाला वाटलं त्याला सर्वोमधलं काय कळतं.

लिपो मात्र त्याच दिवशी बाद केली, त्यावर कोणाचं दुमत नव्हतं. बाहेर दगडांवर बालदीत ठेवली आणि घरात आणली नाही.

काय केलं

दुसरा पर्याय घेतला. पहिली धुलाई नळाखाली, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून. रिसिव्हरचं कव्हर काढून बोर्ड नीट धुतला. ईएससीचं श्रिंक-रॅप कापून तोही धुतला. सर्वो मात्र न उघडता धुतले, कारण चार बारके स्क्रू आणि गिअर सांडले तर परत बसवायचा कंटाळा. मग सगळं दोन दिवस तांदळाच्या डब्यात. तांदूळ ओल थोडीफार खेचत असेल, पण मीठ खेचत नाही. ओल गेली की उलट मीठ आत स्फटिक होऊन बसतं.

फ्युजलाजची फुगलेली प्लाय भावाने काढून आतून पातळ फायबरग्लास आणि रेझिन मारून दिलं, ते काम इतकं सुंदर झालं की विमान आधीपेक्षा मजबूत वाटायला लागलं. आणि मग एक गोष्ट आम्ही अगदी चांगल्या मनाने केली. फ्युजलाजच्या खाली ईएससीला हवा लागायला एक भोक होतं, त्यावर टेप मारली. परत पाणी किंवा खारी हवा आत जायला नको म्हणून.

बेंचवर जोडलं. सगळं चाललं. सर्वो थोडे कुरकुरत होते, आम्ही म्हटलं बसतील. रेंज टेस्ट केली, ट्रान्समीटर रेंज मोडला टाकून (म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करून) तीस पावलं लांब जाऊन, मोटर बंद ठेवून, अर्धा मिनिट. पास. ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद करणारी सोय) तपासला, थ्रॉटल शून्यावर गेलं. पास. मग एका सकाळी दोन-दोन मिनिटांच्या दोन फ्लाइट झाल्या, त्याही थंडीत. लॉगबुकात मी स्वतः लिहिलं, 'विमान ओके.'

सड्यावरचा दिवस

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार, साडेदहा वाजले असतील, ऊन चढलेलं. पायलट होता एकोणीस वर्षांचा पोरगा, सोलो उडवायला लागून चारेक महिने झालेला, हात चांगला. पहिली चार मिनिटं छान. मग फुल थ्रॉटलवर चढवत वळवत असताना मोटर थांबली.

त्याचं त्या क्षणीचं ओरडणं मला शब्दशः आठवतं. "काका, काहीच ऐकत नाय!" विमान डाव्या वळणात अडकलं, दोन-तीन सेकंद तसंच. मग एकदा नाक उचललं, म्हणजे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) परत आला, मोटर आली नाही. मग परत सगळं गेलं. वारा आता समुद्राकडून सुटायला लागला होता, त्याने ते सड्याच्या कडेपलीकडे नेलं आणि कलमांत पडलं.

इथे एकच गोष्ट आमच्याकडून बरोबर झाली. सरांनी लगेच दोघांना वाळूची बादली घेऊन पळवलं. फेब्रुवारीत सड्यावरचं गवत असं असतं की ठिणगी पडली तर वणवा खालपर्यंत जातो आणि वणव्यात जळालेलं कलम परत उभं करायला किती वर्षं लागतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. लिपो एका कोपऱ्यात दबून फुगली होती, पेटली नव्हती. काठीने ओढून उघड्या कातळावर नेली, वाळू घातली, संध्याकाळपर्यंत एक माणूस तिथे बसला.

कलमावर आंबा वाटाण्याएवढा धरलेला. एक फांदी मोडली, बरीच बारकी फळं गळून पडली. झाडाखाली राखणदार जेवणाची तयारी करत होता, विमान त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर पडलं. ११ इंची प्रॉप आणि सव्वा किलो वजन. पुढे काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

दोष कोणाला दिला

बागेचा मालक चिडला आणि त्याला तो हक्क होता. पण मला जास्त लिहायचंय ते संध्याकाळच्या आमच्याच बैठकीबद्दल.

मत पडायला अर्धा तास लागला नाही. एकजण म्हणाला पोराने विमान लांब नेलं, आपल्याकडे तोंड करून येताना लेफ्ट-राइट उलटं होतं आणि नवीन माणूस गोंधळतो, तसंच झालं. दुसरा म्हणाला मोबाइल टॉवरने सिग्नल मारला. टॉवरची गोष्ट सरांनी उडवली, आमचा रेडिओ २.४ वर चॅनल बदलत चालतो, टॉवरचे बँड वेगळे, आणि तो टॉवर तिथे आधीपासून होता. मग उरला पोरगा. त्याने तीनदा सांगितलं की स्टिक हलवत होतो, काही होत नव्हतं, मग क्षणभर झालं, मग परत नाही. कोणी नीट ऐकलं नाही. तीन महिने सोलो बंद असं ठरलं.

मी त्या बैठकीत होतो. विमान समुद्रात मी घातलं होतं, 'ओके' मी लिहिलं होतं, आणि मी गप्प बसलो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चुकीचा निर्णय तो आहे, टेप आणि न उघडलेल्या सर्वोपेक्षाही. अपघात होऊन कितीतरी तास झाले होते आणि फ्युजलाज कोणी उघडलंही नव्हतं.

उघडून बघितल्यावर

दुसऱ्या दिवशी मी भरपाईचं बोलायला बागेत गेलो. मालक नव्हते, राखणदार होता. तो सहज म्हणाला, "साहेब, ते खाली येताना वाजत होतं, पीं पीं पीं."

मी तिथेच उभा राहिलो. नुसता सिग्नल गेला असता तर फेलसेफने थ्रॉटल शून्यावर आलं असतं आणि सिग्नल परत येताक्षणी मोटरही परत आली असती. पोराची स्टिक वर होती. पण एलिव्हेटर आला आणि मोटर आली नाही, वर बीप. थ्रॉटल वर असताना ईएससीला नव्याने वीज मिळाली की तो मोटर फिरवत नाही, सुरक्षेसाठी बीप देत राहतो. म्हणजे सिग्नल गेला नव्हता, विमानातली ५ व्होल्टची वीज गेली होती आणि परत आली होती. रिसिव्हरच मेला तर फेलसेफ कोण पाळणार, फेलसेफ असतो रिसिव्हरच्या डोक्यात.

त्या रात्री सरांनी आणि मी चारही सर्वो उघडले. दोघांच्या आत पांढरा थर. सर्वोच्या आत एक छोटा पोटेन्शिओमीटर असतो, तो सर्वोला सांगतो की तू आत्ता कुठे आहेस. त्याच्या पट्टीवर मीठ बसलं होतं. त्यामुळे सर्वोला आपली जागा कळत नव्हती, तो सारखा थोडा इकडे थोडा तिकडे शोधत होता. तीच ती कुरकुर. एका सर्वोची वायर सोलली तर इन्सुलेशनच्या आत तांबं दोन इंच काळं, पाणी आतून चढत गेलेलं.

मग मीटर लावला. स्टिकला हात न लावता चार सर्वो मिळून ०.८ अँपिअर खेचत होते. नवे चार लावले तर ०.०५ च्या आत. आता आमच्या ईएससीमधला बीईसी, म्हणजे ते ५ व्होल्ट देणारा भाग, लिनिअर जातीचा, म्हणजे तो जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून टाकतो. भरलेली ३ सेल बॅटरी १२.६ व्होल्ट, त्यातून ५ द्यायचे, उरलेले ७.६ जाळायचे, गुणिले ०.८, म्हणजे सहा वॅट उष्णता सतत, नखाएवढ्या चिपमध्ये, फुल थ्रॉटलने तापलेल्या ईएससीच्या पोटात, आणि बाहेर हवेच्या भोकावर आमची टेप. चिप तापली की स्वतःला वाचवायला बंद होते, जरा निवली की चालू होते, परत तापते.

खात्री करायची होती म्हणून विमान टेबलाला बांधलं, जुने सर्वो परत घातले, टेप तशीच, थ्रॉटल सत्तर टक्के आणि सर्वजण प्रॉपच्या मागे. पाच मिनिटं आणि काही सेकंदांनी सर्वो मेले, मोटर थांबली. थोड्या वेळाने सर्वो हलले. मोटर नाही, बीप. टेप काढून केलं तर आठ मिनिटांच्या पुढे गेलं. नवे सर्वो घालून केलं तर बॅटरी संपेपर्यंत काहीच झालं नाही.

सकाळच्या थंडीतल्या दोन मिनिटांच्या फ्लाइट का पास झाल्या हेही तेव्हाच कळलं. तापायला वेळच मिळाला नव्हता.

पुढे काय झालं

पोराच्या घरी मी गेलो. त्याच्या आईसमोर सांगितलं की चूक त्याची नव्हती, विमान मी बुडवलं होतं आणि तपासून पासही मीच केलं होतं. तो काही बोलला नाही, फक्त विचारलं, "काका, मीटिंगमध्ये का नाय बोललात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी बनवून दिलंही नाही. पुढचे दोन रविवार तो आला नाही, तिसऱ्या रविवारी आला. बंदी त्याआधीच उठवली होती आणि तसं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

बागेच्या मालकांनी आधी पैसे नको म्हटलं, मग फांदीचे आणि पडलेल्या फळाचे म्हणून थोडे घेतले. त्यांची खरी अट दुसरी होती आणि योग्य होती. मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबर ते मे, कलमांच्या बाजूला उडवायचं नाही. आता त्या महिन्यांत आम्ही सड्याच्या उत्तर टोकाला जातो, चालायला वीस मिनिटं जास्त लागतात. विमान कड ओलांडतंय असं दिसलं की थ्रॉटल तोडून कातळावर पाडायचं, वाचवायला जायचं नाही, हे प्रत्येक फ्लाइटच्या आधी मोठ्याने बोलतो.

विमान एप्रिलमध्ये परत उभं राहिलं. सर्वो, रिसिव्हर, ईएससी सगळं नवं, शिवाय स्विचिंग जातीचा वेगळा बीईसी, जो एवढा तापत नाही. पैसे वर्गणीतून अर्धे, अर्धे माझे.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्यातून काढल्यावर पहिली दहा सेकंदं बॅटरी तोडण्यात घालवायची. आमची पोरं विमान आख्खं उचलून आणत होती, पंख मोडू नये म्हणून जपत. पंख फोमबोर्डचा, तो शंभर रुपयांत होतो. आता कॅनोपीला (बॅटरीवरच्या झाकणाला) चुंबक आहे, एका हाताने उघडते आणि प्लग बाहेर येतो.

सर्वो न उघडता धुतले हे पैशाचं नाही, कंटाळ्याचं कारण होतं. उघडून धुतले असते तर कदाचित वाचलेही असते. पण काळी पडलेली वायर धुवून परत लाल होत नाही, तेव्हा मी आज भावाचंच ऐकेन.

टेस्ट अशी हवी की फ्लाइटमध्ये जे होतं ते सगळं तिच्यात होईल. विमान बांधून, मोटर चालू ठेवून, सगळ्या स्टिक हलवत, आठ मिनिटं, दुपारच्या उन्हात. मोटर बंद ठेवून अर्धा मिनिट केलेल्या टेस्टने आम्हाला फक्त रेडिओ चांगला आहे एवढंच सांगितलं होतं. आणि सर्वोच्या लाइनवर मीटर लावायला दोन मिनिटं लागतात, तो आकडा आम्ही आता प्रत्येक दुरुस्तीनंतर वहीत लिहितो.

अपघातानंतर बैठक त्याच दिवशी घेत नाही. आधी विमान उघडायचं, ज्याने उडवलं त्याने जे दिसलं ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं, ज्यांनी खालून पाहिलं त्यांनाही विचारायचं, अगदी बागेतल्या राखणदारालाही. मगच बसायचं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ती बुडालेली मोटर मी टाकलेली नाही. दोन्ही बेअरिंग बदलले, वाइंडिंग मोजलं, आवाज स्वच्छ, तापत नाही. सर म्हणतात लावायला हरकत नाही, मोटर बंद पडली तरी विमान ताब्यात राहतं, ग्लाइड करून उतरवता येतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच बोलतात. पोराला विचारलं तर त्याने ती हातात घेतली, शाफ्ट फिरवून बघितला, आणि मार्करने तिच्यावर 'भिजलेली' लिहून परत डब्यात ठेवली.